मीटरवर १९ किलोमीटर, तरी गाडी नाकारली

फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडी घेतली. आठ महिन्यांत ११ हजार किलोमीटर झाले. आठवड्याला निपाणी, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा, वर खानापूरचा पाऊस. एसी, मायलेज, पिकअप, कशाचीच तक्रार नाही. पण ही मला दाखवलेली दुसरी गाडी. पहिली मी घेतली नाही.

पहिलीच्या मीटरवर १९ किलोमीटर, सीटवर प्लॅस्टिक. बायकोने वाटायला कुंदा ही मिठाईसुद्धा आणली होती. माझा मेव्हणा निपाणीत डेंटिंग-पेंटिंग करतो, तो मुद्दाम आला होता. म्हणाला, "दाजी, मीटर ऱ्हाऊ द्या, आधी नटं बघा." उजव्या फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, नटांच्या कडांचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. नुसत्या नटावरून काही ठरत नाही, फिटिंग जमवताना कारखान्यातही पाना लागतो. म्हणून गाडी शोरूमच्या दिव्यांखालून उन्हात काढायला लावली. फेंडर आणि दार यांच्या रंगात फरक दिसला. दाराचं रबर ओढून बघितलं तर आत रंगाचे बारीक शिंतोडे, म्हणजे पुन्हा रंग मारल्याची खूण.

मग चेसिस नंबर. १७ अक्षरं-आकडे असतात, बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं. 'आर' म्हणजे २०२४, 'एस' म्हणजे २०२५. महिन्याची जागा मात्र कंपनीगणिक बदलते. आमच्या गाडीवर 'आर', आणि टायरवर २३२४, म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. टायर गाडीपेक्षा थोडे जुने असणारच, पण सीटबेल्टच्या लेबलवरही जूनच होता. सेल्समन तर म्हणत होता, "याच महिन्याचा स्टॉक." यार्डात उभी राहिलेली गाडी विकू नये असं नाही. तसं सांगून सूट द्यावी. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना-वर्ष येतो आणि उद्या विकताना गिऱ्हाईक तोच बघतं.

हे सगळं जमलं, कारण बिल झालं नव्हतं. "पासिंगनंतरच गाडी बघा" असं शोरूमवाले आधी सांगत होते. मी म्हटलं, मग उरलेले पैसेही पासिंगनंतरच. एकदा तुमच्या नावाने बिल, विमा, नोंदणी झाली की त्या चेसिसशी लग्न लागलं म्हणून समजा. दुसरी गाडी नऊ दिवसांनी आली. ती थेट यार्डात जाऊन, सकाळच्या उजेडात बघितली.

आमच्याकडे, कर्नाटकात, "कोल्हापुरात घे, टॅक्स वाचतो" हा सल्ला हमखास मिळतो. इथे पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के आणि वर सेस, त्यामुळे मोह होतोच. पण गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडे ठेवली की इकडचा नंबर घ्यावा लागतो, इकडचा टॅक्स भरावा लागतो, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. मी त्या भानगडीत पडलो नाही.

इतकं करूनही एक गोष्ट सुटलीच. ऑगस्टमध्ये एका सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरीवरचं कव्हर काढलं तर तिची तारीख गाडीच्याही जवळजवळ वर्षभर आधीची. मेव्हणा रंगवाला, त्याला ते सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं? वॉरंटीत बदलून मिळाली, पण दोन चकरा झाल्या. नवी बसवताना मेकॅनिक कानडीत म्हणाला, "होसदे सर, होसदे," म्हणजे नवीनच आहे. तरी मी रुमालाने लेबल पुसलं आणि तारीख वाचली.