पाऱ्याविना हॅरिस हिमॅटॉक्सिलिन : आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे जिथे शरीरातल्या ऊतींचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, हॅरिस हिमॅटॉक्सिलिन हा पेशींना रंग देणारा स्टेन आम्हीच बनवतो. एकोणीस वर्षं मी त्यात मर्क्युरिक ऑक्साइड, म्हणजे पाऱ्याचं संयुग, घालत आले. उकळत्या द्रावणात ती केशरी-लाल भुकटी चिमूटचिमूट सोडायची. जरा घाई झाली की फेस फ्लास्कच्या गळ्यापर्यंत चढायचा. जुना झालेला स्टेन सरळ सिंकमध्ये जायचा. त्यातला पारा पुढे कुठे गेला असेल, हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

आता त्याजागी सोडियम आयोडेट वापरते. काम तेच, ऑक्सिडेशन करून हिमॅटॉक्सिलिनचं हिमॅटेइन करायचं. न्यूक्लिअसला (पेशीच्या केंद्रकाला) रंग चढतो तो तुरटीशी जोडलेल्या या हिमॅटेइनमुळेच. अर्धा लिटर पाण्याला अडीच ग्रॅम हिमॅटॉक्सिलिन, २५ मिली ॲब्सोल्यूट अल्कोहोल, ५० ग्रॅम पोटॅश तुरटी आणि थंड झाल्यावर २० मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, हे सगळं पूर्वीसारखंच.

फरक वजनात आहे आणि तिथेच मी चुकले. पूर्वी ऑक्साइड सव्वा ग्रॅम लागायचं, म्हणून आयोडेटही तेवढंच घातलं. हवं होतं फक्त अर्धा ग्रॅम. ऑक्सिडेशन हिमॅटेइनच्याही पुढे गेलं, जांभळा रंग तपकिरीकडे झुकला आणि न्यूक्लिअस फिके पडले. "ताई, क्रोमॅटिन दिसतच नाहीये," म्हणत पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइडचा पूर्ण ट्रे परत पाठवला (क्रोमॅटिन म्हणजे न्यूक्लिअसमधला डीएनएचा भाग). बायॉप्सीचे सेक्शन (पातळ काप) पुन्हा कापावे लागले. रिपोर्टची वाट बघणारा पेशंट एक दिवस जास्त थांबला, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आयोडेट तोलताना मी दुसऱ्या कुणाला तरी काटा बघायला लावते.

बरोबर प्रमाणातली बॅच मात्र सुंदर निघते. क्रोमॅटिन रेखीव, पार्श्वभूमी स्वच्छ. साधारण तिसऱ्या महिन्यानंतर जोर कमी होतो, मग मी पाच मिनिटांचं स्टेनिंग सात-आठ मिनिटांवर नेते. रोज सकाळी फिल्टर करणं काही सुटलेलं नाही.

आयोडेट अगदी निरुपद्रवी समजू नका, तेही ऑक्सिडायझर आहे. कागद, कापूस, अल्कोहोलपासून लांब ठेवा. उरलेला पाऱ्याचा स्टेन आणि ऑक्साइडची अर्धी बाटली लेबल लावून, सील करून आम्ही घातक कचऱ्याच्या अधिकृत गाडीत दिली. पावती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.