बाभळीचा लाकडी रंधा : सागवानासाठी उत्तम, पण आधी तयारी हवी

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतील एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेला बाभळीचा लाकडी रंधा मी घरच्या सुतारकामासाठी नियमित वापरतो. अखंड सागवानावर काम करणाऱ्या कोणालाही तो घ्यावा असे मी निःशंकपणे सांगेन. मात्र दुकानातून आणला आणि लगेच फळीवर चालवला, असे याच्या बाबतीत होत नाही.

पात्याचे पोलाद चांगले आहे, पण त्याला धार म्हणून ग्राइंडरच्या खरखरीत रेषा तेवढ्या होत्या. आधी पात्याची पाठ दगडावर पूर्ण सपाट करावी, नंतर 25 अंशांचा उतार ठेवून टोकाशी 30 अंशांची बारीक धार काढावी आणि पाठीकडे वळलेला काठ चामड्यावर घासून घालवावा. चपलांच्या तळाला लावतात तसले जाड चामडे कोल्हापुरात सहज मिळते. रंध्याचा तळही मध्यभागी किंचित खोलगट होता. तो काचेवर सँडपेपर ठेवून घासताना पाते आत ओढून, पाते घट्ट धरणारी पाचर मात्र ठोकलेलीच ठेवावी, कारण पाचरीच्या दाबाने तळाचा आकार थोडासा बदलतो.

एवढे केल्यावर हा रंधा जे काम देतो, ते मला लोखंडी रंध्याहून अधिक आवडते. तो वजनाला हलका असल्याने दंड भरून येत नाहीत, आणि तळाला मेण चोळले की सागावर विनासायास सरकतो. कागदासारखी पातळ, सलग ढलपी तोंडातून वळत वर येते. ती तुटक येऊ लागली, तर बहुधा धार गेलेली असते किंवा आपण लाकडाच्या नसांच्या, म्हणजे त्यातल्या रेषांच्या, उलट दिशेने रंधा मारत असतो. पात्याच्या डोक्यावर हलकी टिचकी दिली की ते पुढे येते, रंध्याच्या मागच्या टोकावर मोगरी मारली की सैल होते. हा अंदाज हाताला यायला वेळ लागतो, आणि तो द्यावा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, त्यामुळे जुलैत तळ पुन्हा तपासावा लागतो. प्लायवूडवर हा रंधा चालवू नये. त्यातला गोंद धार लवकर मारतो.

ढिली निघालेली पाचर दुकानदाराने तक्रार न करता बदलून दिली. सुटी पाती मात्र ते ठेवत नाहीत, त्यामुळे पाते झिजल्यावर अख्खा रंधा नवा घ्यावा लागेल, आणि या खरेदीतली हीच मोठी उणीव आहे.