आलिशान आधुनिक घर: काचेची भिंत, संगमरवरी ओटा आणि भिंतीत दडलेले पाइप

फरशीपासून छतापर्यंतची काच हे अशा घराचं सगळ्यात मोठं आकर्षण, आणि ते अगदी रास्त आहे. दिवसा दिवा लागत नाही, खोली आहे त्याहून मोठी वाटते. पण काच पश्चिमेला असेल तर दुपारनंतर एसीचा दम निघतो. आतल्या पडद्याने फारसं साधत नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं; छज्जा किंवा लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप) बाहेरूनच हवेत. दुहेरी काच असेल तर मधल्या फटीत धुकं धरतंय का ते पाहा. धरत असेल तर कडेचं सील गेलंय. पुसून उपयोग नाही, काचेचं अख्खं युनिट बदलावं लागतं.

संगमरवरी ओटा देखणा दिसतो, स्वयंपाकघरात मात्र नकोच. लिंबू सांडलं की चकाकी जाऊन पांढुरका डाग उरतो. सीलर, म्हणजे दगडावर लावायचं संरक्षक द्रव्य, तेलाचे डाग रोखतो, आम्ल नाही. तिथे ग्रॅनाइटच बरा.

खरी डोकेदुखी न्हाणीघरात. मोठ्या शॉवरला 2 बार दाब हवा असेल, तर टाकी शॉवरच्या साधारण 20 मीटर वर हवी, नाहीतर प्रेशर पंप. डायव्हर्टरचं (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या, भिंतीत बसवलेल्या व्हॉल्व्हचं) कार्ट्रिज, म्हणजे आतला बदलता येणारा भाग, समोरून काढता येतं, पण मागचा जोड गळला तर टाइल फोडण्यावाचून इलाज नाही. म्हणून ताबा घेतानाच टाइल लावण्याआधीचे पाइपांचे फोटो, व्हॉल्व्हच्या जागा आणि कार्ट्रिजचा मॉडेल नंबर बिल्डरकडून लेखी मागून घ्या.