क्रीडादिनाचा तयार संच : पोती उत्तम, दोर मात्र बदलावा

शाळांचे वार्षिक क्रीडामहोत्सव डिसेंबर-जानेवारीत भरतात, १५ जानेवारीला खाशाबा जाधव यांच्या जयंतीनिमित्त राज्य क्रीडा दिन असतो आणि पाठोपाठ प्रजासत्ताक दिनी सोसायट्यांच्या आवारात लिंबू-चमच्यापासून संगीत खुर्चीपर्यंत सगळे सामने रंगतात. या हंगामासाठी गमतीच्या शर्यतींचे सामान एकाच मोठ्या पिशवीत भरून विकणारे संच आता क्रीडासाहित्याच्या दुकानांत मिळतात. असाच एक संच आम्ही प्राथमिक शाळेसाठी सुमारे साडेचार हजार रुपयांना घेतला आणि पुढे सोसायटीतही वापरला. त्यात दहा पोती, दहा चमचे व तितकीच प्लास्टिकची अंडी, तीन पायांच्या शर्यतीचे पट्टे, रस्सीखेचीचा दोर, रिलेचे बॅटन, रंगीत शंकू, शिट्टी आणि एक माहितीपुस्तिका आहे. सामान दिसायला किती आकर्षक आहे यापेक्षा ते धावणाऱ्या मुलाच्या मापाचे आहे का, हीच माझ्या मते अशा संचाची खरी कसोटी आहे आणि त्याच कसोटीवर हे परीक्षण लिहीत आहे.

संचातील सर्वांत सरस वस्तू म्हणजे पोती. किराणा दुकानातून मागून आणलेली पन्नास किलोची गोणी वापरण्याची आपल्याकडे रीत आहे. पण पहिली-दुसरीचे मूल त्या गोणीत छातीपर्यंत बुडते, जास्तीचे कापड पायांत गुंतते, तागाचे धागे उघड्या पायांना टोचतात आणि गोणी विणलेल्या प्लास्टिकची असेल, तर फरशीवर पाय सरकून मूल तोंडावर आपटते. या संचातील पोती जाड कापडाची असून दोन मापांत आहेत. लहान मापाच्या पोत्याची कड पहिलीच्या मुलाच्या कमरेच्या किंचित वर येते, आणि पकडण्यासाठी दोन्ही बाजूंना पट्ट्या शिवलेल्या असल्याने कापड मुठीत गोळा करण्याची धडपड उरत नाही. शर्यत सुरू होण्यापूर्वी दोन्ही पावले पोत्याच्या दोन कोपऱ्यांत घट्ट रोवायला सांगितली, की मूल लांब उडी घेण्याच्या नादात कोसळत नाही, लहान लहान उड्या मारत तोल सांभाळते. कापड सर्वाधिक घासते तेही नेमके याच कोपऱ्यांत, आणि तिथेच उत्पादकाने दुहेरी कापड लावले आहे. हे पोते शिवण्यापूर्वी कोणीतरी मैदानावर उभे राहून मुलांचे पाय नीट पाहिले असावेत, असे ते हातात घेताच जाणवले. आमच्या मुरमाड मैदानावर भरपूर वापर होऊनही एकही कोपरा उसवलेला नाही. मात्र या पोत्यांचा तळ गुळगुळीत फरशीवर सरकतो. मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीचा, म्हणजे २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन ऐन पावसाळ्यात येतो आणि बहुतेक शाळा तो सभागृहात साजरा करतात. तिथे पोत्यांची शर्यत ठेवू नये, डोक्यावर पुस्तक तोलून चालण्याची शर्यत ठेवावी.

लिंबू-चमच्याचे सामान मात्र निराशा करते. चमच्याची वाटी इतकी खोलगट आहे की अंडे त्यात रुतून बसते आणि शर्यतीतला सगळा तोलच नाहीसा होतो. उलट मोकळ्या मैदानावर जरा जोराची झुळूक आली, की तेच पोकळ अंडे उडून शेजारच्या रांगेत जाते. घरातला पोहे खायचा स्टीलचा चमचा आणि मध्यम आकाराचे कागदी लिंबू यांना अजून तोड नाही, कारण लिंबाला वजन असते, ते चमच्यात डुलते आणि डुलताना मुलाचा चेहरा जो एकाग्र होतो, त्यासाठीच तर ही शर्यत ठेवायची. संचाच्या पुस्तिकेत चमचा दातांत धरून धावणाऱ्या मुलाचे चित्र आहे, त्यावर मला गंभीर आक्षेप आहे. ठेच लागून मूल पडले, तर चमच्याचा दांडा टाळूत घुसू शकतो. म्हणून चमचा हातातच द्यावा आणि अंगठ्याने लिंबू दाबायचे नाही एवढा एकच नियम ठेवावा. लिंबू पडलेल्या मुलाला बाद करण्याऐवजी ते उचलून तिथूनच पुढे जाऊ द्यावे.

तीन पायांच्या शर्यतीचे पट्टे रुंद आणि मऊ आहेत, सुतळीप्रमाणे काचत नाहीत आणि जोडी पडली की वेल्क्रो आपोआप सुटतो, ही फारच मोलाची गोष्ट आहे. वेल्क्रोत गवत अडकले की पकड सैल होते. जुन्या दातब्रशाने ते साफ करता येते.

आता दोराविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मुलांना इजा होण्याचा सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. रस्सीखेच हा १९०० ते १९२० या काळात ऑलिंपिकमध्ये खेळला गेलेला खेळ आहे आणि आजही त्याच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत प्रत्येकी आठ खेळाडूंचे संघ असतात, दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर असतो आणि प्रतिस्पर्ध्याला चार मीटर ओढणारा संघ जिंकतो. लहान मुलांसाठी दोर याहून थोडा बारीक चालेल. पण या संचातील दोर कपडे वाळत घालण्याच्या दोरीपेक्षा जेमतेम जाड आणि गुळगुळीत नायलॉनचा आहे. असा दोर मुठीत ठरत नाही, तो सरकला की तळहात भाजल्यासारखा सोलवटतो आणि पकड मिळेना म्हणून मुले तो मनगटाभोवती गुंडाळू लागतात. ही सवय अत्यंत घातक आहे, कारण ताण वाढल्यावर दोराच्या वेढ्यात अडकलेला हात सोडवता येत नाही आणि बोटांना कायमची दुखापत होऊ शकते. आम्ही हा दोर पहिल्या सरावातच बाजूला ठेवला आणि दोरखंडाच्या दुकानातून जाड सुती दोर आणून त्याच्या मध्यावर लाल फडके बांधले. काथ्याचा दोर स्वस्त मिळतो, पण तो कोवळ्या हातांना बोचतो.

बॅटन आणि शंकू ठीक आहेत. शंकू वाऱ्याने कलंडतात, तेव्हा आत थोडी वाळू भरावी. रेषा आखण्याची फक्की संचात नाही, ती वेगळी घ्यावी लागते आणि घेताना चुन्याची पूड तर नाही ना, हे विचारून घ्यावे, कारण चुना डोळ्यांत गेल्यास इजा करतो.

पुस्तिका इंग्रजीत आहे आणि तिच्यात लंगडी, लगोरी, बेडूक उड्या किंवा सुई-दोऱ्याची शर्यत यांचा उल्लेखही नाही. इथेच विकणाऱ्या वस्तूत चार पाने मराठीत द्यायला काहीच हरकत नव्हती. सोसायटीत सामने घेणाऱ्या ज्येष्ठांना त्यांचा मोठा आधार झाला असता. संगीत खुर्चीचा नियमही तिच्यात एकेक खुर्ची काढण्याचाच दिला आहे. तीस मुलांच्या वर्गात त्यामुळे पहिल्यांदा बाद झालेले मूल बराच वेळ उन्हात नुसते बसून राहते. आम्ही सुरुवातीला तीन-तीन खुर्च्या काढतो आणि बाद झालेल्यांना लगेच शेजारच्या रिंगणात लंगडीला पाठवतो.

पोती व पट्टे यांसाठी मी या संचाला पाचपैकी साडेतीन गुण देईन. पट कमी असलेल्या शाळेला तो पुरेसा आहे, मोठ्या शाळेला दहा पोती कमी पडतील. दुकानदाराशी आधी बोलून घ्यावे. पुढच्या खेपेस सोसायटीसाठी आम्ही दोराशिवाय संच मागितला, तेव्हा त्याने त्याच किमतीत चार पोती जास्तीची दिली आणि एका वेळी अधिक मुले धावू लागल्याने प्रत्येक गटाच्या फेऱ्या कमी झाल्या.