‘रोल टाकून तपासलेला’ कॅमेरा

जाहिरातीत पेन्टॅक्स के-१००० हा रोलवर चालणारा जुना कॅमेरा दिसतो. सोबत ५० मिमीची लेन्स, मूळ चामडी केस, आणि खाली ठरलेलं वाक्य: ‘मिंट कंडिशन, रोल टाकून तपासलेला.’ भाव चालू दरापेक्षा थोडासाच कमी. फारच स्वस्त असता तर गिऱ्हाईक बिचकलं असतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. स्टेशनबाहेर भेट होते. घेणारा लीव्हर ओढतो, बटण दाबतो, ‘खट्’ असा भरदार आवाज येतो आणि पैसे हातचे जातात. गोम कळते ती पहिला रोल धुऊन आल्यावर. बऱ्याच फ्रेमची एक बाजू निगेटिव्हवर कोरी, काहींवर नारिंगी पट्टे, आणि उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो दूध सांडल्यासारखे. तोवर समोरच्याचा नंबर बंद झालेला असतो.

हे तिन्ही दोष कॅमेरा हातात असतानाच सापडतात. त्यासाठी स्टेशनबाहेर उभं राहून नव्हे, इराण्याकडे खिडकीजवळचं टेबल धरून व्यवहार करा. खिशात मोबाइल, एक नवा एलआर-४४ सेल आणि पुसायला मऊ कापड असू द्या.

आधी लेन्स. ती बॉडीवरून उतरवा आणि अ‍ॅपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) रिंग सर्वांत लहान आकड्यावर आणा, म्हणजे त्या छिद्राची पाती पूर्ण उघडतात. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि समोरून आत बघा. मग लेन्स उलटी करून तेच. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सरसकट धुरकट पडदा म्हणजे आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसलेली. काठाशी इंद्रधनुषी रंग दिसले तर दोन काचांमधला डिंक सुटत चाललाय, आणि त्या लेन्सच्या नादी लागू नये. जाहिरातीतला फोटो समोरून, पाती मिटवून काढलेला असतो, त्यात यातलं काहीच दिसत नाही. बुरशी पुसून विकलेली लेन्स ओळखायला काचेवर तोंडाची हलकी वाफ सोडा. बुरशीच्या आम्लाने काचेचा लेप खाल्लेला असेल, तर वाफ विरताना त्याच जागी जाळ्याची नक्षी उमटते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्सचं हेच होतं. ज्या चामडी केसचं एवढं कौतुक केलेलं असतं, तीच ओल धरून ठेवते. मूळ केस बघितली की उलट टॉर्च जास्त वेळ मारावा!

रिंग १६ वर आणून लेन्सच्या मागची छोटी खीळ बोटाने हलवून सोडा. पाती झटकन मिटली पाहिजेत. आळसावल्यासारखी मिटली तर त्यांवर तेल आलंय.

आता शटर, कारण खरी लबाडी इथे असते. के-१००० चं शटर म्हणजे एकामागून एक आडवे सरकणारे दोन कापडी पडदे, वेग १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत. वर्षानुवर्षं पडून राहिलं की वंगण घट्ट होतं आणि दुसरा पडदा पहिल्याला मध्येच गाठतो, म्हणून फ्रेमची एक बाजू कोरी राहते. पंचवीस-तीस वेळा शटर मारलं की ते तात्पुरतं मोकळं होतं. विकणारा हे घरीच उरकून येतो. म्हणून ‘चालवून दाखवतो’ला भुलू नका. कॅमेरा टेबलावर ठेवा, चहा होऊ द्या, दर घासाघीस करून ठरवा, आणि अर्ध्या तासाने तपासा. एक रात्र पडून राहिलेला कॅमेरा बघायला मिळाला तर सर्वांत बरं.

कॅमेऱ्याची पाठ उघडा, लेन्स काढलेलीच असू द्या, कॅमेऱ्याचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे करा. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमची स्लो-मोशन लावून मागून टिपा. १ सेकंदाला शटर २४० फ्रेम उघडं दिसायला हवं, १/४ ला ६०, १/३० ला ८. थोडंफार इकडेतिकडे चालतं. १/१००० मात्र असं मोजता येत नाही. त्यासाठी मोबाइल प्रो मोडमध्ये १ सेकंदावर ठेवा आणि त्या सेकंदात शटर मारा. फोटोत सगळा आयत सारखा उजळ हवा. एक कड काळवंडली की समजायचं, शटर बिघडलंय. हे ट्यूबलाइटसमोर करू नका. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, पट्टे उमटतात आणि चांगलं शटरही बिघडलेलं वाटतं.

नारिंगी पट्ट्यांचं कारण साधं: पाठीच्या कडेचा, उजेड अडवणारा फोम विरघळून डांबर झालेला असतो. नवा फोम स्वस्तात बसतो, तेव्हा यावरून कॅमेरा नाकारू नका, भाव पाडा. पण ते डांबर बोटाने उकरू नका, शटरच्या पडद्यावर पडलं तर घात.

‘फक्त सेल संपलाय, म्हणून मीटर (उजेड मोजणारा काटा) हलत नाही’ असं विकणारा म्हणाला तर खिशातला सेल घाला. सेलच्या कप्प्यात हिरवट क्षार असतील तर तारा गेल्या असण्याचा संभव आहे. भर दुपारच्या उन्हात आयएसओ (फिल्मचा वेग) १००, अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर १/१२५ वर ठेवून लेन्स लावली की काटा साधारण मध्यावर यायला हवा.

‘लष्करात आहे, बदली झालीय, कुरियरने पाठवतो, टोकन पाठवा’ असा निरोप आला तर संवाद तिथेच संपवा. ‘पैसे परत करतो, पिन टाका’ म्हणाला तरी फसू नका: पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. गेलेच पैसे तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

राहिला सोबत ‘फुकट’ मिळणारा रोल. डब्यावर छापील कोडऐवजी घरगुती स्टिकर असेल तर सिनेमाची फिल्म कापून भरलेली असू शकते. फिल्मचं टोक उलटं करून पाठीवर ओलं बोट फिरवा. बोट काळं झालं तर तो सिनेमाच्या फिल्मवरचा काजळीचा थर आहे. रंगीत रोल धुण्याच्या नेहमीच्या सी-४१ रसायनात तो सुटून लॅबच्या टाकीत तरंगतो आणि त्या दिवशी धुतल्या जाणाऱ्या इतरांच्या रोलवरही बसतो. लॅबवाल्याला आधी सांगितलं नाहीत, तर पुढच्या वेळी तो तुमचा रोल हातातही घेणार नाही.