बांधकाम संपेपर्यंतची शाळा : डोअर स्टेप स्कूल

बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी साइटवरच वर्ग चालवणाऱ्या डोअर स्टेप स्कूल या संस्थेला पैसे, खोली किंवा वेळ द्यावा का, हा प्रश्न साधारण तीन ठिकाणांहून येतो : बिल्डरच्या साइट ऑफिसातून, बाजूच्या सोसायटीतून आणि ज्यांच्या गळ्यात कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देण्याचं, काम पडलंय त्यांच्याकडून. तिघांनाही उत्तर ‘जरूर द्या’ असंच आहे. पण कशासाठी देतोय हे आधी नीट कळलं नाही, तर सहा महिन्यांत ‘मुलं टिकतच नाहीत हो’ ही तक्रार सुरू होते. मुलं टिकणार नाहीतच. मजुरांची टोळी जाईल तिकडे मूल जातं, आणि ही सगळी सेवा त्या जाण्याभोवतीच रचलेली आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात. रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत कुलाब्याकडच्या वस्त्यांमध्ये हे काम सुरू केलं. १९९३ पासून पुण्यातही ते उभं राहिलं. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल तर शाळा त्याच्या दारात न्यायची, हा नावाचाच अर्थ. वस्त्या, फुटपाथ, महापालिकेच्या शाळांतले वाचनाचे तास असा पसारा आता मोठा आहे. इथे मात्र पुण्यातल्या बांधकाम साइटवरच्या वर्गांविषयीच लिहिलंय, कारण स्थलांतरित मुलांची शाळा म्हणजे काय, याची खरी परीक्षा तिथे होते.

मांडणी साधी आहे. बिल्डरने लेबर कॅम्पजवळ खोली, वीज, पाणी आणि खर्चातला काही वाटा द्यायचा. शिक्षिका (साइटवर त्या ‘ताई’च), साहित्य आणि देखरेख संस्थेची. तीन वर्षांखालच्यांना पाळणाघर, तीन ते सहाची बालवाडी, त्यापुढच्यांना जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल करून ने-आण आणि अभ्यासाची मदत.

घोडं अडतं ते खोलीपाशी. साइट इंजिनिअर जी जागा सुचवतो ती हमखास सिमेंटच्या गोदामाला लागून नाहीतर सळई कापायच्या यार्डाच्या तोंडाशी असते. तिथे धूळ, कटरचा आवाज आणि मागे येणारा ट्रक, तिन्ही आलं. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीत वीस-पंचवीस मुलं मांडी घालून बसतात, पण त्याच खोलीत पाळणाघर घातलं तर ना बाळं झोपतात ना वर्ग चालतो. खोल्या दोन हव्यातच. पत्र्याखाली एप्रिलमध्ये अकरानंतर बसवत नाही. वरून थर्माकोलचा थर किंवा ओली पोती हा तात्पुरता इलाज. त्यापेक्षा उभ्या राहिलेल्या इमारतीच्या पार्किंगमधला एक कोपरा जाळी लावून दिलेला बरा. फक्त तिथे फरशीचं काम सुरू झालं की वर्गाला उठावं लागतं, तेव्हा पुढची जागा कुठली हे आधीच लेखी ठरवून घ्यावं. संडास जवळ आणि मुलांसाठी वेगळा हवा. तो लांब असला की मोठ्या मुली दुपारनंतर दिसत नाहीत, आणि याचं कारण रजिस्टरमध्ये कोणी लिहीत नाही.

पाळणाघराला लोक जोडकाम समजतात. खरं तर ती किल्ली आहे. आईबाप आठ-साडेआठला कामावर चढले की आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर सहा महिन्यांचा भाऊ येतो. पाळणाघर नसेल तर ती शाळेत जाणार नाही, मग तुम्ही तिला दप्तर द्या, गणवेश द्या, काहीही द्या. म्हणून केंद्र कामाच्या वेळेलाच उघडायला हवं. दहाला उघडणारं केंद्र या मुलीच्या कामाचं नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली देण्याचं बंधन होतं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली). पण बायकांची नावं चार ठेकेदारांच्या हजेरीपटांत विखुरली की हा आकडा कागदावर गाठलाच जात नसे. देणगी एकाच गोष्टीला द्यायची असेल तर ती पाळणाघरातल्या ताईच्या पगाराला द्यावी. रंगीत भिंतीचा फोटो चांगला येतो, हे मान्य.

आता शिकवण्याचं. दहा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं, तरी शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ते वयाला साजेशा इयत्तेत, म्हणजे जवळपास पाचवीत बसतं. बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद कायद्यातच आहे, पण प्रत्यक्षात तो भार साइटवरच्या वर्गावर पडतो. घरात कोणाची गोरमाटी (बंजारा बोली), कोणाची तेलुगू, कोणाची बांगला. अशा वर्गात ‘क, ख, ग’ असं क्रमाने गेलं तर ‘ज्ञ’ येईपर्यंत टोळी दुसऱ्या साइटवर पोचलेली असते. त्यामुळे चार-पाच अक्षरांचा गट आणि एखादी मात्रा घेऊन लगेच शब्दांवर यावं लागतं. क, म, ल, न, र आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, कमान वाचता येतात. ‘कामाला’सुद्धा येतं, आणि तो तर मुलांच्या रोजच्या कानावरचा शब्द. पंधरा दिवसांत मूल काहीतरी खरं वाचतं, आणि आई रात्री विचारते तेव्हा दाखवायला त्याच्याकडे काही असतं. एखादा वर्ग पाहायला गेलात तर पाठ म्हटलेली कविता ऐकत बसू नका. फळ्यावर न शिकवलेला शब्द लिहून तो वाचायला सांगा.

दाखल्याच्या भानगडीत कायदा मुलाच्या बाजूने आहे, तरी माहिती नसल्याने आठवडे जातात. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणूनही नाकारता येत नाही, त्याच कायद्याचं पाचवं कलम यासाठीच आहे. अडचण पुढे येते. मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर आणि ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत तसंच असतं, आणि तिथून ते सुटेपर्यंत नव्या शाळेत मूल बसतं पण ऑनलाइन दिसत नाही. गावच्या मुख्याध्यापकांना फोन करणं, पुन्हा करणं, दाखला मागवणं हे काम कोणीतरी चिकाटीने करावं लागतं. गावातून निघतानाच शाळेकडून शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत द्यायचं नोंदपत्र) घेतलं तर ही सगळी यातायात वाचते, पण टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक रात्री निघतो आणि शाळा सकाळी उघडते. ताईने प्रत्येक मुलासाठी चेनचं प्लास्टिक पाकीट करावं : आधारची आणि दाखल्याची झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, कुठपर्यंत वाचता येतं त्याची एक चिठ्ठी. पाकीट आईकडे राहू द्यावं, कपाटात नको.

शिष्यवृत्तीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र असलेल्या कामगाराची राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते, आणि नोंदणी जिवंत असेल तर शाळेतल्या हजेरीच्या अटीवर मुलांना शिष्यवृत्ती मिळते. हे ९० दिवसांचं पत्र ठेकेदाराकडून काढून देणं बिल्डरच्या हातात आहे. खोलीला रंग देण्याआधी त्याने ते करावं.

ने-आणीबद्दल. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, पण त्या एका किलोमीटरमध्ये हायवे असला तर सात वर्षांच्या मुलाला तो अंतर म्हणून उपयोगाचा नाही. गाडी असेल तर गाडीत मदतनीस बाई हवी, चढताना-उतरताना डोकी मोजलेली हवीत आणि त्याची वही हवी. गाडीचा खर्च वर्षभर चालतो आणि दात्यांना तो कंटाळवाणा वाटतो. पण गाडी बंद म्हणजे शाळा बंद, इतकं ते सरळ आहे.

जिथे खोली मिळतच नाही तिथे १९९८ पासून संस्थेची चाकावरची शाळा आहे : बसमध्येच बैठक, फळा, पुस्तकं. एका थांब्यावर दोनेक तास वर्ग, मग पुढचा थांबा. कल्पना देखणी आहे, पण साइटवर कायमची खोली मिळत असेल तर बसचा आग्रह धरू नये. रस्ता खोदला, पार्किंगला कोणी हरकत घेतली, इंजिन रुसलं, की त्या दिवशीचे सगळे थांबे बुडाले. शिवाय दोन तासांच्या बसने कडेवरच्या बाळाचा प्रश्न सुटत नाही.

शनिवार-रविवार मोकळे असणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी दोन कामं : मुलांजवळ बसून त्यांच्याकडून पुस्तक वाचून घेणं, आणि आपल्या भागात नवी साइट उघडली की तिथे मुलं आहेत का ते कळवणं. संस्थेने २०११ मध्ये पुण्यात ‘एव्हरी चाइल्ड काउंट्स’ ही नागरिकांची मोहीम याच दुसऱ्या कामासाठी सुरू केली. वाढदिवसाचा केक घेऊन मात्र येऊ नये. वर्ग मोडतो, आणि मुलांचे चेहरे कोणाच्या तरी स्टेटसवर जातात.

एक मर्यादा स्पष्ट असू द्यावी. ही निवासी संस्था नाही. साइटवर अपघात झाला, मूल पोरकं झालं, तर ताई त्याला ठेवून घेऊ शकत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवून मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. नातेवाईक सांभाळणार असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज करता येतो. ‘आमच्या ओळखीचं जोडपं घेईल’ असा शॉर्टकट साइटवर हमखास सुचवला जातो. तो बेकायदा आहे आणि तसा तोंडावर सांगावा.

पैसे देताना चेक किंवा ऑनलाइन द्यावेत. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ती सवलत तशीही नाही. साइटवर जाऊन काय पाहायचं? हजेरीचा आकडा नको. रजिस्टरमध्ये ‘गेले’ असा शेरा असलेली नावं काढायला सांगा आणि त्यांच्यासमोर काय लिहिलंय ते वाचा : कुठल्या साइटला किंवा गावाला, पाकीट बरोबर दिलं का, कोणाचा नंबर. नंबर मुकादमाचा असावा. आईबापांची सिमकार्डं दर चार महिन्यांनी बदलतात, मुकादमाचं बदलत नाही.