हिरवा 532 पेन लेझर: लेबलवर 5 मिलिवॉट, मीटरवर 31

दोन महिने वापरून मग लिहितोय. लाल आणि जांभळा (405 वाला) आधीपासून होते, हिरवा नव्हता, म्हणून हा ऑनलाइन मागवला. लेबलवर लिहिलंय 532 नॅनोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे रंग; खालचे 405, 650, 808 वगैरे आकडेही तेच), 5 मिलिवॉटपेक्षा कमी (ही ताकद).

आधी चांगलं सांगतो. ठिपका एकदम गोल आणि टोकदार, आणि रंग असा की बघतच राहावं. आपल्या डोळ्याला 555 च्या आसपासचा प्रकाश सगळ्यात जास्त जाणवतो, त्यामुळे याच्यापुढे माझा 650 वाला लाल अगदी मिणमिणता वाटतो. पहिल्याच दिवशी डोक्यातला एक केस पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून चिकटवला, त्याच्यावर लेझर मारला आणि 2 मीटरवरच्या भिंतीवर मस्त उजेड-अंधाराच्या पट्ट्या उमटल्या, दोन काळ्या पट्ट्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं तर 15 मिलिमीटर, म्हणजे (तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले पट्ट्यांमधलं अंतर) केस साधारण 71 मायक्रॉन जाड. खूप भारी वाटलं.

पण थंडीत सकाळी हा नीट चालतच नाही. आत 808 चा इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा) डायोड असतो, तो एका क्रिस्टलला पंप करतो, म्हणजे ऊर्जा देतो, त्यातून 1064 निघतो आणि दुसरा क्रिस्टल त्याचा 532 करतो. तापमान बदललं की डायोडची तरंगलांबी सरकते आणि पहिला क्रिस्टल तो प्रकाश नीट शोषत नाही. मुठीत धरून गरम केला की येतो लाईनवर. हे चालवून घेता येतं.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मित्राच्या पॉवर मीटरवर धरला तर 31 मिलिवॉट!! मध्ये इन्फ्रारेड अडवणारी काच ठेवली तर 19. म्हणजे हिरवाच लेबलच्या जवळजवळ चौपट आणि वर दहाएक मिलिवॉट असं काहीतरी जे दिसतच नाही. आत इन्फ्रारेड फिल्टर बसवलेला नाहीये किंवा बसवलाय तो कुचकामी आहे, आणि हे सगळ्यात वाईट, कारण हिरवा डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी तरी मिटते, न दिसणाऱ्याला पापणी मिटणारच नाही. आणि माझा केशरी गॉगल फक्त 532 अडवतो, 808 आणि 1064 त्यातून आरामात आत. दोन महिन्यांतले पहिले तीन आठवडे मी त्याच गॉगलच्या भरवशावर होतो, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मीटर नसेल तर जुनी सीडी घ्या, तिच्यावरच्या बारीक रेघा प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या कोनात फेकतात. चारी बाजूंनी बंद खोक्यात लेझर पक्का बसवून सीडीवर मारायचा, परत येणारे ठिपके पांढऱ्या कागदावर पाडायचे, आणि आत डोळ्याने न बघता भोकातून मोबाईलचा पुढचा कॅमेरा लावायचा (मागच्यात बऱ्याचदा इन्फ्रारेड फिल्टर असतो, पुढच्यात तो कमी कडक असतो). हिरव्याचा पहिला ठिपका साधारण 19 अंशावर, दुसरा 42 वर. त्या दोघांच्या मधे 30 अंशाच्या आसपास फिकट जांभळट ठिपका दिसला की समजा 808 बाहेर येतोय. 1064 चा मात्र असा वेगळा दिसत नाही कारण तो बरोब्बर हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावरच पडतो, हे कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

पाचपैकी एक स्टार, तो पण त्या गोल ठिपक्यासाठी. हिरवाच पाहिजे असेल तर 520 चा डायरेक्ट डायोडवाला बघा, ठिपका जरा लांबट येतो पण आत इन्फ्रारेडची भानगडच नाही. मिलिवॉट मात्र त्याचेही मोजूनच घ्या.

माझ्याकडच्या याचे सेल काढून ठेवलेत. परवा भाची आली तेव्हा केसाचा प्रयोग 1 मिलिवॉटच्या आतल्या, मीटरवर तपासलेल्या लालवर केला, तोच केस, तीच भिंत. लालच्या पट्ट्या जास्त लांब पडतात त्यामुळे मोजायला उलट सोपं गेलं, तिने स्वतः मोजलं 18 मिलिमीटर आणि उत्तर काढलं 72 मायक्रॉन.